पत्रिकेतली नावं

वरवट बकाल
गुरुवार, ३ जुलै २०२५

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

चि. सौ. अनुपमा,

आशीर्वाद आहेतच, ते काही राग आल्यावर परत घेता येत नाहीत. बाकीचं पत्र मात्र रागातच लिहिते आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. पूनमने मोबाइल हातात घेऊन दाखवलं म्हणून कळलं, नाहीतर मी अजून रोज पूजा आटोपली की तुला फोन लावत बसले असते. सख्ख्या बहिणीने आपल्याला बंद केलंय हे पोटच्या पोरीने समजावून सांगावं, याच्याइतकी शरम नाही.

तानुबाईंचा फोन आला होता. त्या काय बोलल्या ते तू तिथेच उभी राहून ऐकलं असशील. सासूबाई आहेत तुझ्या, मी काही वावगं लिहीत नाही, पण मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही.

‘काहो संजीवनीबाई, आमी तुमचं काय खाऊन राह्यलो, म्हून आमाले पेपरात काढलं?’

मी म्हटलं, ‘अहो, ती गोष्ट आहे. कल्पनेतली आहे.’

‘कल्पनेले नका आनू मधात. तानुबाई कोन, भगवानराव कोन, गजेंद्र कोन, ते सांगा!’

आता मला सांग, तानुबाई हे काय एकट्या तुझ्या सासूचं नाव आहे? आमच्या गल्लीतच दोन तानुबाई आहेत आणि दोघींनी ती गोष्ट वाचून मला ‘चांगली लिहिली’ म्हटलं. भगवानराव तर वाटेल तितके. सासू तानुबाई, सासरा भगवानराव आणि मुलगा गजेंद्र, तिन्ही नावं एकाच घरात निघाली हा योगायोग आहे. चौथं नाव म्हशीचं. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

पेपरच्या पुरवणीत अर्ध्या पानाची गोष्ट. ‘जाळीचं कपाट’. एक सासू दूध-तूप कपाटात कुलूपबंद ठेवते आणि सून म्हैस दोहून स्वतः काळा चहा पिते. अशी घरं का कमी आहेत? त्यात तुमचं घर कुठून आलं?

आणि आता छापून गेलेलं मी खोडू शकत नाही. मलकापूरचे छापखानेवाले शेखर माझ्या नऊ गोष्टींचं पुस्तक काढत आहेत, हे तुला माहीत आहे. त्यात नावं बदलून देईन. पोळ्यापर्यंत त्यांना मजकूर पक्का हवा आहे. तानुबाईंना तेवढं सांग आणि महालक्ष्म्यांना माहेरी यायचं बघ; माय माझ्याकडे आहे तोवर तुझं माहेर हेच. माय दोनदा विचारून झाली.

तुझी ताई
संजीवनी


वरवट बकाल
सोमवार, १४ जुलै

चि. सौ. अनुपमा,

माझं पत्र परत आलं. ‘घेण्यास नकार’ असं पोस्टमनने लाल पेनाने लिहिलं आहे. कोणी नकार दिला ते त्याने लिहिलं नाही, ते लिहायची गरजही नाही. हे पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते, सोबत आधीचंही आहे. लिफाफा तोच उलटा करून चिकटवला आहे, हसू नको.

आधीच्या पत्रात मी योगायोग लिहिलं. तो योगायोग नव्हता. पोथी वाचायला बसले आणि जीभ अडखळायला लागली, म्हणून खरं लिहिते.

मी गोष्टी कशावर लिहिते ते तू पाहिलं आहेस. घरात लग्नपत्रिका येतात, आता तर कसल्या जाड, गुळगुळीत. मागची बाजू कोरी. एवढा चांगला कागद रद्दीत घालायला माझा हात होत नाही. मी पत्रिका उभ्या कापते, दोऱ्याने शिवते आणि त्यावर लिहिते. ‘जाळीचं कपाट’ लिहिलं ते तुझ्या नणंदेच्या, महामायाच्या लग्नपत्रिकेवर. वैशाखात आली होती ती.

नावं ठेवणं हे मला कधीच जमलं नाही, अनू. माणूस डोळ्यांपुढे उभं राहतं, बोलतं, भांडतं, पण त्याला हाक मारायची वेळ आली की माझा पेन थांबतो. मग मी कागद उलटते. पत्रिकेवर नावंच नावं असतात. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक. पहिलं दिसेल ते उचलायचं. आठ गोष्टी मी अशाच लिहिल्या आणि कोणाचं काही म्हणणं आलं नाही, कारण त्या पत्रिका लांबच्या होत्या. ही जवळची निघाली. पुरवणीला पाठवताना नावं बदलायची ठरवली होती, पण पाठवायच्या दिवशी एकादशी, त्यात पाहुणे, आणि राहून गेलं.

महामाया नाव म्हशीला दिलं त्याचा तुमच्याकडे सगळ्यात जास्त राग आहे, असं ऐकते. ती नवी नवरी सासरी जेवत नाही म्हणे. अगं, महामाया देवीचं नाव आहे! गोष्टीत सगळ्यांत गुणी कोण असेल तर ती म्हैस आहे. दूध देते, कोणाला टोचून बोलत नाही. तिला साधं नाव द्यायला मला बरं वाटेना. पत्रिकेत ते नाव सोनेरी अक्षरात होतं, म्हणून दिलं. देवीचं नाव दिलं हा अपमान कसा होतो, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

नावं पत्रिकेतली, एवढाच माझा दोष. गोष्ट तुझी नाही.

ताई


वरवट बकाल
श्रावण सोमवार, २८ जुलै

चि. सौ. अनुपमा,

उपवास आहे आणि डोकं दुखतं आहे. कारण ऐक.

तुझं उत्तर नाही, पण शेखर भाऊंचा तगादा आहे, म्हणून नावं बदलायला बसले. आधी सासूचं. म्हटलं, कोणाची तक्रारच नको, आपल्या मायचंच नाव घालू. जनकाबाई. वाचून दाखवलं. माय भिंतीला टेकून ऐकत होती, कपाटाला कुलूप लावायची जागा आली आणि ताडकन सरळ झाली.

‘मी कवा लावलं व कुलूप? तुमी दोघी तं पातेल्यातली साय बोटानं खात होत्या!’

‘माय, ते तुझं नाही. नुसतं नाव.’

‘नाव माहं आन् कुलूप कोनाचं?’

ते खोडलं. सासऱ्याचं नाव इंद्रभान केलं, तर तुझे भाऊजी जेवता जेवता थांबले. त्या नावाचा एकजण यांच्याबरोबर भजनात टाळ धरतो. म्हणाले, ‘मी त्याच्यासमोर बसून अभंग म्हणू आन् तू त्याले तोंडचोर सासरा दाखव.’ हिंमतराव केलं, तर चक्कीवर कोणाकडून तरी ते बाहेर फुटलं आणि हिंमतरावांच्या सूनबाई दळण अर्धं ठेवून माझ्या दारात. ‘काकू, आमच्या मामांजीबद्दल काय लिहून राह्यल्या तुमी?’ मी अजून एक ओळही लिहिलेली नव्हती!

देवादिकांची नावं घ्यावीत, तर ती कुलूप लावणाऱ्या बाईला द्यायला माझंच मन घेत नाही. आणि आपल्याकडे देवाचं नाही असं नाव ठेवतो कोण? सगळी पोथीतून आलेली. शेवटी वैतागून मासिकात वाचलेलं एक नाव घातलं, मृणालिनी. पूनम पोट धरून हसली. ‘आई, मृणालिनीबाई गोठ्यात शेण भरते व्हय?’ खरंच नाही शोभलं. त्या नावाच्या बाईच्या कमरेला किल्ली लटकेना. तानुबाई लिहिलं की लगेच लटकते, हे मी काय करू?

तीन दिवस वहीत नावं लिहिते आहे आणि खोडते आहे. माणसाला नाव एकदा चिकटलं की निघत नाही. निघालं तर कातडं घेऊन निघतं.

आता इतकं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. मागच्या पत्रात ‘गोष्ट तुझी नाही’ लिहिलं ते खोटं. शेगावला दर्शन झाल्यावर आपण बाकावर बसलो होतो, प्रसादाची पिशवी मधे होती. तू सांगितलंस की सासूबाई एका लग्नाला गेल्या, किल्ली विसरून गेल्या, आणि तू कपाट उघडलंस. दूध समोर होतं. ‘किल्ली हातात होती ताई, तरी नाही पेली,’ म्हणालीस. आणि कुलूप परत लावलंस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच वेळी मनात म्हटलं, हे लिहायला पाहिजे. देवाच्या दारात बसून बहिणीचं दुःख मी उचललं. तुला विचारलं नाही. त्याबद्दल तू रागावली असशील तर तो राग बरोबर आहे.

पण बोल तरी. भांड. पुण्यामुंबईला नाही आहेस तू, नांदुऱ्याला आहेस.

ताई


वरवट बकाल
मंगळवार, १२ ऑगस्ट

अनू,

तुझी चिठ्ठी मिळाली. लसीकरणाच्या पत्रकामागे एवढीशी ओळ.

‘ताई, म्हशीले नाव देलं. मले नाही.’

पहिल्यांदा वाचली तेव्हा मला संताप आला. म्हटलं, ही काय तक्रार झाली? पंधरा दिवस मी सासू-सासऱ्यांची नावं खोडते आहे, गावाच्या शिव्या खाते आहे, आणि हिला हे सुचतं! सून म्हटलं की कोण ते कळतं, नावाची गरज काय? उलट तुला झाकायला म्हणूनच मी नाव घातलं नाही, असंही उत्तर मनात तयार केलं. छान होतं उत्तर. लिहायला बसले तर ते कागदावर उतरेना, कारण तुला झाकायचा विचार लिहिताना माझ्या मनात आलाच नव्हता.

मग मी ती शिवलेली पत्रिका काढली, दोरा उसवला आणि तुकडे जुळवून जमिनीवर मांडले. गोष्ट खाली, छापील बाजू वर. चष्मा लावून एक एक नाव वाचलं. भगवानराव, तानुबाई. व्यवस्थापक गजेंद्र. तिन्ही मामा. जावई, जावयाचे भाऊ. ज्यांच्याशी तुमचं पटत नाही ते चुलतेसुद्धा आहेत. खाली चिमण्या अक्षरात ‘आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं’ म्हणून तुझ्या हरिओमचं नाव आहे. एक्केचाळीस नावं.

तुझं नाही.

दोनदा पाहिलं. मायलाही बोलावलं, तिला वाचता येत नाही तरी. त्या लग्नात तू आठ दिवस चुलीपुढून उठली नाहीस. हळदीला मी आले तेव्हा तुझ्या हाताला पिठाचे पापुद्रे होते, आणि तू मला म्हणालीस, ताई, पंगतीत बस, मी मागून येते. आली नाहीस. पत्रिका माझ्या घरी तीन महिने होती. मी तिच्यातून नावं उचलली, आणि जे नाव तिच्यात नव्हतं ते मला सुचलंही नाही. तानुबाईंनी तुला पत्रिकेतून गाळलं आणि मी गोष्टीतून. त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला, सांग. त्या निदान बहीण म्हणवून घेत नाहीत.

गोष्टीत ‘सून’ हा शब्द तेवीस वेळा आला आहे. मी मोजला. ‘सून उठली’, ‘सून म्हणाली’, ‘सुनेने कपाट उघडलं’. ती पानं नव्याने लिहून या पत्रासोबत पाठवते आहे. तेवीस ठिकाणी जागा रिकामी ठेवली आहे. तुला हवं ते नाव तू घाल, कोणाचंही चालेल. बाकीची मी ठरवून टाकली: सासू कौतिकाबाई, आपल्या पणजीचं नाव, त्या पिढीतलं आता भांडायला कोणी उरलं नाही. सासरा सदोबा. नवरा रामकिसन. म्हैस चांदी. कोणाचं काही म्हणणं असेल तर त्यांनी देवाकडे सांगावं.

ताई


वरवट बकाल
रविवार, २४ ऑगस्ट

अनू,

पानं पोहोचली. कंडक्टरने स्टँडवर हाक मारून दिली.

पहिल्या जागेवर तू नाव इतकं बारीक लिहिलं आहेस की मला खिडकीशी जावं लागलं. अनुपमा. चौथ्या-पाचव्या जागेनंतर अक्षर मोठं झालं. कपाट उघडते तिथे तर ओळीबाहेर गेलं आहे. मी पानं देवापुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेखर भाऊंकडे दिली.

आणि त्याच दिवशी तानुबाईंचा फोन. पानं तू स्वतःच त्यांना वाचायला दिलीस? तुझं काळीज काय लोखंडाचं आहे?

या वेळी आवाज गोड होता. ‘नावं बदलली, बरं केलं संजीवनीबाई. कौतिकाबाई चांगलं हाय. पन हे सुनेचं नाव तेवढं काढा.’

‘ते तिनंच घातलं.’

‘तिले काय समजते! अनुपमा वाचलं की लोकं घर वळखतीन. आमची सारी नावं बदलून उपयोग काय मंग?’

‘गावात दुसऱ्याही अनुपमा असतील,’ मी म्हटलं. माझंच जुनं वाक्य मी त्यांना ऐकवलं.

त्यावर त्या म्हणाल्या, ‘नाव काढलं का कळवा. तवाच महालक्ष्म्याले पाठवू तिले.’

मायने शेजारून ऐकलं. तिचं वय तुला माहीत आहे. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि मला ते सहन झालं नाही. मी शेखर भाऊंना फोन लावून सांगितलं, सुनेचं नाव बदला, सुलोचना करा. ते बरं म्हणाले. मी देवघरात गेले, दिवा लावला, आणि समोर तुझं ते ओळीबाहेर गेलेलं अक्षर दिसायला लागलं. परत फोन. म्हटलं, राहू द्या, अनुपमाच. संध्याकाळी मायने जेवायला नको म्हटलं, तर तिसरा फोन, सुलोचनाच करा. शेखर भाऊ म्हणाले, ‘काकू, एक काय ते ठरवा, मशीन थांबली हाय. गणपतीच्या आधी मले पान पाह्यजे.’

आज ठरवलं. मायच्या शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘नाव काढून पोरगी आली, तं कोन आली मनायची?’

नाव राहतंय. चौथा फोन करून शेखर भाऊंना कळवलं, आता पाचवा करणार नाही. तानुबाईंनाही मीच कळवते. तू महालक्ष्म्यांना येशील की नाही, हे माझ्या हातात होतं आणि मी ते सोडलं. मला शिव्या द्यायच्या तर दे.

ताई


वरवट बकाल
गुरुवार, ४ सप्टेंबर

अनू,

तू गेल्यावर घर फार मोठं वाटतं आहे. तू समोर असताना बोलायचं राहिलं ते लिहिते.

सोमवारी महालक्ष्म्यांची पंगत बसायच्या वेळी तू दारात उभी राहिलीस, घामाने भिजलेली, हातात एक पिशवी, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, तर ‘कोणी पाठवलं?’ इतकी वर्षं हाच प्रश्न विचारायची सवय. तू म्हणालीस, ‘कोनी नाही. मी आली.’ आणि चप्पल काढून सरळ आत गेलीस, आंबिलीच्या पातेल्याशी. मी तुला हाताला धरून पाटावर बसवलं तर म्हणालीस, मी मागून बसते. मी ओरडले, आठवतं? सवाष्णींसमोर ओरडले. त्याचं मला काही वाटत नाही. तू पहिल्या पंगतीत बसलीस आणि मायने तुझ्या पुरणपोळीवर स्वतः तूप वाढलं.

कंटाळा आला आहे मला या नावांचा, खरं सांगते. पुस्तक छापून झालं की गावात पुन्हा कोणीतरी स्वतःला शोधेल आणि दारात येईल. येऊ दे. चहा देईन, दूध घालून.

तू परत गेलीस तेव्हा चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तिकडे तुला घरात कसं घेतलं, गजेंद्रराव काय म्हणाले, कपाटाला अजून कुलूप आहे का, सगळं लिही. बरं चाललं असेल तर एक ओळ पुरे. बरं नसेल तर सविस्तर लिही, मी ते छापणार आहे. या वेळी विचारून.

बाकीच्यांची नावं मी बदलेन. एक सोडून.

तुझी
संजीवनी